इन्स्पेक्टर काळोखेंचा दुखवटा

इन्स्पेक्टर भार्गव काळोखे बुधवारी रात्री नऊ वाजून बावीस मिनिटांनी गोळी लागून मेला. गुरुवारी सकाळी निरंजन कुवळेकर चहाचा कप आणि फोन घेऊन पनवेलच्या आपल्या बाल्कनीत बसला आणि महाराष्ट्र कधी रडायला लागतो याची वाट बघू लागला.

हसू नका. ‘तपास काळोखेंचा’ या मालिकेत अकरा वर्षं त्यानं तो इन्स्पेक्टर वठवला होता. बँकेतला शिपाई त्याला सलाम ठोकायचा. बायको वेगळी झाली तेव्हा तिच्या वकिलानंही त्याला दोनदा ‘काळोखेसाहेब’ म्हटलं होतं. पण अठ्ठावन्नावं लागलं, गुडघे कुरकुरू लागले, पाठलागाच्या प्रसंगात चोरालाच हळू पळावं लागायला लागलं, तेव्हा त्यानं ठरवलं की आता पुरे. जाताना एकच अट घातली. काळोखेची बदली नको, परदेशगमन नको, बेपत्ता होणं तर नकोच. तो मरायला हवा, आणि नीट मरायला हवा. बंद पडलेल्या एका साखर कारखान्यात चार दिवस तो मरत होता. निरंजनला मनातून वाटायचं की आपण आयुष्यात केलेलं तेवढंच एक काम खरं.

दहा वाजले. फोन गप्प होता. अकराच्या सुमारास तो एकदाचा वाजला. रत्नागिरीहून बहीण बोलत होती.

“निरू, काय धरलास रे त्या बिल्डरला! आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो.”

“ताई, काल मी मेलो.”

“शुभ बोल नाऱ्या! खांद्याला चाटून गेली गोळी. शेवटी हात झोळीत घालून चहा पीत बसला होतास की. बरी आहे ना आता जखम?”

निरंजननं नकळत आपला खांदा चाचपला. तो प्रसंग त्यानं कधी केलाच नव्हता.

*

‘सह्यरंग’ वाहिनीच्या प्रेक्षक विभागात मधुरा इनामदार नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. निरंजन तिच्यासमोर जाऊन बसला तेव्हा ती अजिबात गडबडली नाही.

“सर, तुमचा सीन गेला ना. करारात होतं तसा गेला.”

“कुठे गेला? माझ्या सख्ख्या बहिणीकडे मी जिवंत आहे.”

मग मधुरानं त्याला नीट समजावून सांगितलं. मनगटावर नाडीपट्टी बांधली की मालिका फुकट, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती पट्टी दर सेकंदाला हृदयाचे ठोके मोजते, तळहाताला घाम किती सुटला ते मोजते. टीव्हीच्या चौकटीतला बारीक कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. कुठल्या वाक्याला बाई पुढे सरकून बसल्या, कुठल्या गाण्याला आजोबा उठून पाणी प्यायला गेले, सगळं जमा होतं. तीन-चार वर्षं अशी जमा झाली की यंत्र त्या माणसाची एक नक्कल उभी करतं. ती नक्कल दिसत नाही, बोलत नाही. तिला एवढंच कळतं की अमुक दाखवलं तर हा माणूस बसून राहील की उठून जाईल. वाहिनीत तिला छायाप्रेक्षक म्हणतात.

“प्रत्येक भाग आधी छायाप्रेक्षकांना दाखवतो आम्ही,” मधुरा म्हणाली. “जो उठून जाईल असं दिसतं, त्याच्यासाठी यंत्र गोष्ट वळवतं. तुमचा अकरा वर्षांचा चेहरा, आवाज, चाल, सगळं आहे आमच्याकडे. तुम्ही सही केलेली आहे, सर. त्यातून नवा प्रसंग तयार होतो. तुमचे बासष्ट लाख प्रेक्षक आहेत. बासष्ट लाख छायांना काळोखेंचं मरण दाखवलं.”

“आणि?”

“कुणाला राग आला, कुणाला रडू आलं. कुणी पट्टीच काढून ठेवणार होतं. मग ज्याला जसं सोसेल तसं दिलं. कुणाकडे गोळी चाटून गेली, कुणाकडे चुकली, कुणाकडे पिस्तूलच अडकलं.”

“मग माझं मरण बघितलं किती जणांनी?”

“एक.”

“एक लाख?”

“एक, सर.”

मधुराला बहुधा त्याची दया आली, कारण तिनं आवाज खाली आणला. “नाव सांगता येत नाही. पण ती छाया शेवटपर्यंत बसून राहिली. नाडी एका ठोक्यानंही वाढली नाही. यंत्रानं अर्थ काढला, या माणसाला सोसवतं.”

“म्हणजे ज्याला सोसवतं त्याच्याच दारात मढं नेऊन ठेवायचं?”

“तसं नाही, सर.” ती थांबली. “म्हणजे, थोडंसं तसंच.”

त्या एकट्या प्रेक्षकासाठीही सोय होती. टीव्ही लावला की रोज पडद्यावर ‘परत आणा’ असं विचारलं जायचं. तीस दिवसांत बटण दाबलं की काळोखे परत. नाही दाबलं तर ते घर मालिकेतून काढून टाकायचं, कारण एका माणसासाठी वेगळी गोष्ट चालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

“दाबेल तो?” निरंजननं विचारलं.

“सगळे दाबतात, सर.”

लिफ्टमधून उतरताना निरंजनच्या मनात एकच गोष्ट होती. जो कोण असेल त्यानं बटण दाबू नये. बासष्ट लाखांत एकाच्या घरी तरी आपण मेलेले राहू द्या.

*

नंतरचे दिवस वाईट गेले. भाजीवाला म्हणाला, साहेब, त्या डॉक्टरला बरोबर टांगलात. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, डॉक्टर कुठला, तो निर्दोष होता, खरा चोर कंपाउंडर. दोघं गवारीच्या ढिगावर हात ठेवून पाच मिनिटं भांडले. भांडण गोडीचं होतं. काळोखे आहे हे दोघांनाही मान्य होतं. प्रश्न होता तो फक्त त्यानं काय केलं याचा. आणि ज्याच्यावरून भांडण चाललं होतं तो पिशवी घेऊन मध्ये उभा होता. त्यानं मालिका सोडली हे कुणाला ठाऊकच नव्हतं. कुणी विचारलं नाही, साहेब, आता पुढे काय करणार? कुणी म्हटलं नाही, चुकल्यासारखं वाटतं हो तुमच्यावाचून. त्याच्यावाचून कुणाचं काही अडलंच नव्हतं.

घरी आल्यावर तो रोज फोनवर ‘काळोखे’, ‘मृत्यू’, ‘निधन’ असे शब्द घालून शोधायचा. आपल्याच तेराव्याच्या जेवणाला आपण आगंतुकासारखे दारात उभे आहोत असं त्याला वाटायचं.

बाविसाव्या दिवशी त्याला एक फोटो सापडला. कऱ्हाडच्या एका चौकातल्या निधनवार्तेच्या काळ्या फळ्याचा. खडूनं, एकाही ओळीतलं अक्षर इकडचं तिकडे न होता लिहिलेलं होतं.

‘दुःखद निधन. इन्स्पेक्टर भार्गव काळोखे, वय ५४. बुधवारी रात्री ९ वाजून २२ मिनिटांनी कर्तव्यावर असताना गोळी लागून. त्यांच्या पश्चात कोणी नाही. शोकाकुल: श्रीमती कौसल्या डुबल, निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी.’

फोटोखाली लोकांनी धमाल उडवली होती. आजी, रिमोट बघा की. काळोखे काल आमच्याकडे होते, ठणठणीत आहेत. कुणीतरी लिहिलं होतं, म्हातारीला डॉक्टरकडे न्या. हसून डोळ्यांतून पाणी काढणारे चेहरे तर तीनशेच्या वर.

निरंजननं ‘त्यांच्या पश्चात कोणी नाही’ ही ओळ चार-पाच वेळा वाचली. मग उठून बॅग भरली.

*

कऱ्हाडला तो उतरला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. चौकातल्या फळ्यावर आता दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. शेजारच्या किराणा दुकानदारानं त्याच्याकडे बघून आधी कडक सलाम ठोकला आणि मग पत्ता सांगितला. “स्टँडवाल्या डुबलबाई? तिसरं दार. साहेब, जरा समजावून सांगा त्यांना. तुम्हीच समोर उभं राहिलात म्हणजे विषय मिटला.”

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, ताठ बाईंनी. निरंजननं मनात काय काय योजलं होतं. बाई किंचाळतील, घाबरतील, पाया पडतील. कौसल्याबाईंनी त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं आणि बाजूला सरकल्या.

“या. तुम्ही ते काम करायचा न्हवं?”

“ओळखलंत?”

“त्यात काय अवघड? चेहरा त्यांचा हाय, चाल त्यांची न्हाय. गुडघं दुखत्यात तुमचं. बसा की.”

खोली टापटीप होती. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, कोपऱ्यात टीव्ही होता आणि टीव्हीवर एक फडकं टाकलेलं होतं. निरंजनला काय बोलावं सुचेना. दुखवट्याच्या घरी गेल्यावर सुचत नाही तसंच ते होतं.

“लोक फार हसले म्हणे तुम्हाला,” तो शेवटी म्हणाला.

“हसू द्यात. तीस वर्षं मी स्टँडावर माईकवर बोललेय. गाडी लेट झाली तर लेट झाली म्हणून सांगायचं, रद्द झाली तर रद्द झाली म्हणून सांगायचं. लोक शिव्या घालायचे, तरी आवाज चढू द्यायचा न्हाय. माणूस गेला, मी बघितलं, मी फळ्यावर लिहिलं. तवा मला काय म्हाईत, बाकीच्यांच्या घरात गेलाच न्हाय म्हणून!”

“तुम्ही नीट बघितलंत?”

बावीस दिवस निरंजन एवढ्यासाठीच जगला होता असं म्हटलं तरी चालेल.

कौसल्याबाईंनी हात मांडीवर ठेवले. “बघितलं की. अँब्युलन्समधी घातलं त्यांना. चिखल होता सगळ्या बुटांना. आणि ते पाय वर घेईनात. पांढरी चादर होती न्हवं खाली, ती घाण हुईल म्हणून. मरायला टेकलेला माणूस, पण पाय तसंच बाहेर अधांतरी धरून ठेवलं. मग एकदम पाय खाली पडलं, तवा मला कळलं, गेले. तोंडाकडं मी बघितलंच न्हाय.”

ते पाय निरंजननं स्वतःहून तसे धरले होते. संहितेत ते नव्हतं. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नाही, कॅमेरामन कुरकुरला की पाय चौकटीबाहेर जाताहेत. चारही दिवस दर वेळी त्यानं पाय तसेच धरले, मांड्यांत गोळे आले तरी धरले, आणि कुणालाही सांगितलं नाही. अकरा वर्षांत त्याला सहा पुरस्कार मिळाले होते, पण आपलं काम कुणीतरी बघितलं असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

“तुम्ही रडलात?” त्यानं विचारलं.

“मला लगेच येत न्हाय रडू. मालक गेले तवाबी आलं न्हाय. चवथ्या दिवशी मी ड्युटीवर. लोक म्हणाले, काय काळजाची बाई हाय. पण खरं सांगू का, त्यावेळी सात घरातनं पिठलं-भात आला होता. आपल्यात गेलेल्याच्या घरी चूल पेटवत न्हाईत, शेजारी आणून देत्यात. कोण जेवायला बसवायचं, कोण भांडी घासून ठेवायचं, कोण नुसतं दाराशी बसून ऱ्हायचं. त्याच्यावर निभावलं मी. एकटीनं कुठं सोसलं?”

पट्टीनं बाईंची नाडी मोजली होती. ती सात पातेली मोजायची सोय तिच्यात नव्हती.

“ह्या खेपेला?” निरंजननं विचारलं, जरी उत्तर दिसत होतं.

“ह्या खेपेला बी चूल पेटवली न्हाय. म्हटलं, पाटणकर वहिनी तरी येतील. दहा वर्षं आम्ही चौघीजणी संध्याकाळी कट्ट्यावर बसून काळोखेंचंच बोलायचो. वहिनी आल्या, पण मला इचारायला, कालचा बिल्डर कसा होता म्हणून.” त्या थोडं हसल्या. “आता मी कट्ट्यावर गेले की त्या गप्प हुत्यात. इषय बदलत्यात. भाजी काय केली, पाणी आलं का. सुतकातल्या बाईपुढं लग्नाचं बोलत न्हाईत तसं. मग मीच जायची बंद झाले. पोरगा पुण्यासनं फोन करतो, आई, डॉक्टरला दाखवू या का. बावीस दिवस झालं, ह्या घरात आलेला तुम्ही पहिला माणूस.”

निरंजन उठला. “आलोच,” म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला. स्टँडजवळच्या खानावळीत त्यानं पिठलं-भात मागितला. खानावळवाला म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी मटण आहे की. निरंजन म्हणाला, नको, पिठलंच द्या, आणि भात जरा जास्त द्या. डबा घेऊन तो गुडघे सांभाळत परत आला. कौसल्याबाईंनी डबा बघितला, झाकण उघडलं आणि वास आला तशा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. निरंजननं त्यांना रडू दिलं. दाराशी नुसतं बसून राहायचं असतं हे त्याला आत्ताच कळलं होतं.

मग दोघं जेवायला बसली. काळोखेबद्दल बोलत बसली. तो चहात बिस्कीट बुडवायचा पण खायचा नाही, त्याला आई नव्हती, आरोपीला बसायला सांगितल्याशिवाय स्वतः बसायचा नाही. कौसल्याबाईंना निरंजनपेक्षा जास्त आठवत होतं. आपण बोलताना ‘मी’ म्हणत नाही, ‘ते’ म्हणतो आहोत, हे निरंजनच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

दोनतीन घास झाल्यावर बाई थांबल्या. “एक इचारू? त्या टीव्हीवर रोज येतंय, परत आणा म्हणून. म्हणून तर फडकं टाकलंय. तुम्ही त्यांना जवळनं बघितलंय. तुम्ही सांगा, दाबू का?”

हाच तो प्रश्न. ‘नका दाबू’ हे उत्तर पनवेलपासून निरंजनच्या ओठांवर तयार होतं. या बाईंनी नाही म्हटलं की काळोखे मेलेला राहील, ते पाय कुणाच्या तरी डोळ्यांत राहतील.

“तुमच्या मनात काय आहे?” त्यानं विचारलं.

“गेलेल्या माणसाला हाका मारू नयेत, असं माझं मत हाय.” कौसल्याबाईंनी भात चिवडला. “पण मी अजून धा वर्षं जगायची. बोलायला माणूस तर पाहिजे.”

पलीकडच्या घरातून बायकांचं हसणं ऐकू आलं. मालिकेची वेळ झाली होती. कौसल्याबाईंची मान त्या आवाजाकडे वळली आणि लगेच परत ताटाकडे आली. निरंजननं ते बघितलं आणि त्याचं उत्तर घशातच राहिलं.

“दाबा,” तो म्हणाला.

“तुमास्नी वाईट न्हाय वाटणार?”

“मी नट माणूस. मला काय, दुसरं काम मिळेल.” त्याला दुसरं काम मिळणार नव्हतं. वाहिनीला त्याची गरज उरली नव्हती आणि बाकी कुठे त्याचा चेहरा विकायची करारानं मनाई होती.

कौसल्याबाईंनी हात धुतला, फडकं काढलं, पट्टी मनगटावर बांधली आणि बटण दाबलं. पडद्यावर तीच अँब्युलन्स होती, तोच पाऊस, तोच चिखल. काळोखेनं डोळे उघडले. निरंजनच्या तोंडून कधीच न निघालेलं एक वाक्य निरंजनच्या आवाजात तो बोलला, “एवढ्यात नाही जात मी.” चिखलानं भरलेले त्याचे बूट पांढऱ्या चादरीवर होते, अगदी मधोमध, ऐसपैस.

निरंजननं बाईंकडे बघितलं. बाई बुटांकडे बघत होत्या. त्यांना ते दिसलं होतं यात शंका नव्हती. तोंडावरून काहीतरी सरकलं, पण आवाज चढला नाही.

“असू द्यात,” त्या हळूच म्हणाल्या. “चादर धुता येती.”

मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि खिडकीतून हाक मारली, “वहिनी, अवो पाटणकर वहिनी! वाचलं की हो! माझ्याकडं बी वाचलं!”

पलीकडे एकच गलका झाला. या या, कवाधरनं वाट बघतोय, बसायला जागा करा त्यांना. कौसल्याबाईंनी चपला घातल्या. उंबऱ्याशी त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याची थोडी लाजही होती.

“तुम्ही येताय न्हवं बघायला?”

“तुम्ही व्हा पुढं. मी जेवतो.”

त्या गेल्या. भिंतीपलीकडून बायका एकदम बोलू लागल्या, कौसल्याबाईंचा आवाज त्यात मिसळला आणि थोड्या वेळानं वेगळा ओळखू येईना. मध्येच काळोखेनं कुणाला तरी दरडावलं आणि सगळ्या हसल्या. निरंजननं पिठलं भातावर ओढलं. इन्स्पेक्टर भार्गव काळोखे मेला हे माहीत असलेला आता एकच माणूस उरला होता, आणि तो परक्या घरात एकटा बसून त्याच्या नावाचं जेवत होता.